थकवा केसपेपरवर यावा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



राज्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत, थकव्याची तक्रार रोज ऐकू येते आणि तरीही शासनाच्या कागदपत्रांत तिला जवळजवळ स्थान नसते. दिवसभराच्या श्रमाने माणूस दमतो आणि रात्रीच्या झोपेने ताजातवाना होतो, तो दमणुकीचा प्रकार येथे अभिप्रेत नाही. विश्रांतीनंतरही जो ओसरत नाही, आठवडे आणि महिने टिकतो आणि रोजची कामे रेटून करायला लावतो, त्या थकव्याविषयी हे पत्र आहे. तो सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन थकवा म्हणते. अंगात त्राण नाही, हातपाय गळून जातात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, अशा शब्दांत लोक तो सांगतात. सांगणाऱ्यांत बायका अधिक असतात, आणि न सांगणाऱ्यांतही बायकाच अधिक असतात. या दुसऱ्या गटाची, म्हणजे थकलेल्या असूनही दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या किंवा एकदा चढून पुन्हा न फिरकणाऱ्या रुग्णांची, कारणे आपल्या खात्याने धोरणाचा विषय म्हणून हाताळावीत, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच आहे.

रुग्ण आरोग्यसेवा केव्हा वापरतो आणि केव्हा टाळतो, याची मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी 1968 मध्ये केली आणि तिच्यातील तीन कप्पे आजही उपयोगी पडतात. पहिला कप्पा पूर्वप्रवृत्तीच्या घटकांचा, म्हणजे आजारपण येण्याआधीच माणसाच्या ठायी असलेल्या वय, लिंग, शिक्षण, जात आणि समजुती यांचा आहे. दुसऱ्यात दवाखान्यापर्यंत पोहोचणे शक्य करणाऱ्या गोष्टी येतात, जसे पैसा, अंतर, वाहन, मोकळा वेळ आणि सोबत येणारे माणूस. तिसरा कप्पा गरजेचा असून तिची दोन रूपे आहेत : रुग्णाला स्वतःला जाणवणारी गरज आणि तपासणाऱ्याने ठरवलेली गरज. पाय मोडला किंवा साप चावला, तर गरजच इतकी प्रबळ असते की पहिले दोन कप्पे मागे पडतात आणि माणूस कर्ज काढूनही दवाखाना गाठतो. थकव्याचे नेमके उलट आहे. त्यात सूज नसते, जखम नसते, ताप नसतो, दुसऱ्याला दाखवता येईल असे काहीच नसते. त्यामुळे गरज कोणी मान्य करण्याआधीच घरातले स्थान, हाताशी असलेला वेळ आणि गाठीचा पैसा हे घटक निर्णय घेऊन टाकतात.

जाणवणारी गरज ही शरीरापेक्षा समाजाने शिकवलेली असते, हे दाखवणारे एक जुने उदाहरण अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी वारंवार दिले आहे. बंगालच्या दुष्काळानंतर 1944 मध्ये कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने केलेल्या पाहणीत विधुर पुरुषांपैकी 48.5 टक्के लोकांनी आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती बरी नाही असे सांगितले, तर विधवांपैकी अवघ्या 2.5 टक्के स्त्रियांनी तसे सांगितले. त्या काळच्या बंगालमधील विधवेचे अन्न, वस्त्र आणि दर्जा लक्षात घेता तिची प्रकृती विधुरापेक्षा इतकी चांगली असणे संभवतच नव्हते. आपल्या दुखण्याला दुखणे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. महाराष्ट्राला तर यासाठी बंगालपर्यंत जाण्याचेही कारण नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले आणि त्यांपैकी आधी कधी त्यासाठी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. पांढरे जाणे, अंगावरून जास्त जाणे, कंबर धरणे आणि त्यांच्या जोडीने येणारी अशक्तता हे सारे ‘बायकांचे असायचेच’ या सदरात गेले होते. त्या अभ्यासाला साडेतीन दशके उलटली, रस्ते झाले, आशा सेविका आल्या, मोबाइल आले. ‘असायचेच’ हे सदर मात्र अजून बंद झालेले नाही.

हे सदर चालू ठेवणारी सर्वांत मोठी शक्ती अज्ञान नसून वेळ आहे, असे या पत्राचे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्या विनामोबदला कामात घालवतात आणि पुरुष 97 मिनिटे. शिवाय अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात 81 असतात, तर पुरुष जेमतेम 26. ही जवळजवळ पाच तासांची पाळी मजुरीच्या, शेतीच्या किंवा नोकरीच्या वेळेवर चढते. ज्या कारणाने थकवा येतो तेच कारण त्याच्या उपचाराची वाट अडवते, अशी ही विचित्र कोंडी आहे. ज्या बाईला दवाखान्यात जायला वेळ मिळतो तिला विश्रांतीही थोडीफार मिळते, आणि जिला दोन्हीची सर्वाधिक गरज असते तिला दोन्हींपैकी काहीच मिळत नाही.

मराठवाड्यातून हंगामापुरते स्थलांतर करणाऱ्या मजुरांची ऊसतोड हे या कोंडीचे टोकाचे रूप आहे, म्हणून ते जरा जवळून पाहणे भाग आहे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. दोघांच्या नावावर हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. बाई पहाटे, अंधार असतानाच उठते, कोपीबाहेरच्या चुलीवर भाकरी थापते, पोराला घेऊन फडात जाते, तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि गाडी कारखान्याकडे वळली की पाणी, सरपण आणि रात्रीचा स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. एखाद्या दिवशी अंग उचलले नाही तर तो खाडा ठरतो. खाड्याला केवळ त्या दिवसाची मजुरी बुडत नाही, वरून दंडही बसतो. अशा बाईने ‘फार थकवा येतो’ म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचे, तर केसपेपर फुकट निघाला तरी तिच्या दृष्टीने ती तपासणी सर्वांत महागडी ठरते. शिवाय ती ज्या जिल्ह्यात त्या वेळी राहते तेथे ती कोणत्याच उपकेंद्राच्या यादीत नसते, आणि ज्या गावच्या यादीत असते तेथे ती सहा महिने नसते.

मग ती येते केव्हा? रक्तस्राव आवरेनासा झाला, दुखणे असह्य झाले, फडात चक्कर येऊन पडली, की येते, आणि तेव्हा जवळचे खासगी रुग्णालय गाठते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या 2019 च्या चौकशीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे सहा जणींत एक. या शस्त्रक्रियांमागे नफेखोरी होती, कर्करोगाची दाखवलेली भीती होती आणि पाळीत खाडा नको ही विवशताही होती. परंतु त्या सर्वांच्या आधीचा जो टप्पा आहे तो चर्चेत फारसा आला नाही. पाळीत जास्त जाते आणि थकवा येतो, एवढीच तक्रार असताना जर कोणी ऐकून घेतले असते, रक्त तपासले असते, लोह आणि रक्तस्राव कमी करणारी साधी औषधे दिली असती, तर त्यांतील कितीतरी जणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्याच नसत्या. किरकोळ म्हणून परतवलेली तक्रार अशी मोठी होऊन परत येते.

सर्वच थकलेल्या स्त्रिया ऊसतोड करत नाहीत हे खरे. पण वेळेचे गणित थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच लागू होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीची मुख्य वेळ सकाळची असते आणि शेतमजुरीची, धुण्याभांड्याची, कंपनीतल्या पहिल्या पाळीची वेळही सकाळचीच असते. निकषानुसार सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगरी व आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र असते, त्यामुळे अनेक गावांना ते काही किलोमीटरवर पडते. जाणे, नंबर लावणे, डॉक्टर, रक्ताचा नमुना, औषधाची खिडकी आणि परतीची एसटी यांत एक रोज बुडतो. याउलट गावातल्या किंवा वस्तीतल्या खासगी डॉक्टरचे शटर संध्याकाळी उघडते, ओळख असते, उधारी चालते, आणि दहा मिनिटांत काहीतरी ‘होते’. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे 33 टक्के आणि शहरी भागातील सुमारे 26 टक्केच आजार सरकारी संस्थांकडे गेले होते. उरलेले बहुतांश खासगीकडे वळतात, याचे कारण केवळ सरकारी सेवेवरचा अविश्वास हे नाही. खासगी सेवा लोकांच्या दिवसाच्या घडीत बसते, सरकारी सेवा बसत नाही.

जे ‘होते’ ते काय असते, हेही येथे नोंदवले पाहिजे. थकव्यासाठी सलाईनची बाटली लावणे ही राज्यभर रूढ झालेली रीत आहे. अर्ध्या लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते आणि अर्ध्या लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या-जुलाबाने शरीरातले पाणी घटलेल्या रुग्णाला ते संजीवनी ठरू शकते; पण चालत आलेल्या, तोंडाने खाऊ-पिऊ शकणाऱ्या आणि महिनोन् महिने थकलेल्या बाईला त्यातून जे मिळते ते घरच्या लिंबू-सरबताहून निराळे नसते. तरीही ती बाई मूर्ख नाही. त्या बाटलीच्या निमित्ताने तिला अर्धा-पाऊण तास आडवे पडता येते, कोणीतरी तिच्या थकव्याला पैसे मोजण्याइतके खरे मानते, आणि घरी परतल्यावर ‘सलाईन लावावी लागली’ हे एक वाक्य सासरच्या माणसांना तिच्या दुखण्याची खात्री पटवून देते. सरकारी केंद्रातला योग्य असूनही कोरडा सल्ला ही मान्यता देत नाही. लोकांना सलाईनचे वेड आहे असे म्हणून अधिकारी मंडळी हात झटकतात, तेव्हा त्या वेडामागची ही भूक त्यांच्या ध्यानात येत नाही.

आता जी बाई सरकारी ओपीडीत पोहोचतेच तिचे काय होते, ते पाहू. गर्दीच्या दिवशी तिच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. ती थकवा सांगते, डॉक्टर खालची पापणी ओढून पाहतात, केसपेपरवर अशक्तपणा किंवा रक्तक्षय असे काहीतरी लिहिले जाते आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्तक्षय म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन, अर्थात प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, कमी असणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गरोदर नसलेल्या स्त्रीत ते डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या आणि गरोदर स्त्रीत साधारण 11 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. त्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळते, शौचाला काळी होते, बद्धकोष्ठ होते. हे अपेक्षित आहे, गोळी जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, चहासोबत घेऊ नये, लिंबू किंवा आवळा सोबत असावा आणि हिमोग्लोबिन भरून आल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, हे सांगायला त्या दोन-तीन मिनिटांत जागा नसते. मग पाकीट फळीवरच्या डब्यात पडून राहते आणि पुढच्या भेटीत ‘गोळ्या सोसत नाहीत’ एवढेच कानी येते. बहुतेक वेळा तर पुढची भेटच होत नाही. पहिल्या भेटीचा अनुभव हाच दुसऱ्या भेटीचा सर्वांत मोठा निर्णायक घटक असतो, आणि तो संपूर्णपणे आपल्या खात्याच्या हातात आहे.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण 2015-16 मध्ये 48.0 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 54.2 टक्के झाले. मधल्या काळात, 2018 मध्ये, ॲनिमिया मुक्त भारत अभियान सुरू झाले होते. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर केलेल्या मोजणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांत वाद आहे आणि तो रास्तही आहे. मात्र मोजणीची पद्धत बदलून प्रमाण काही अंकांनी उतरले, तरी राज्यातल्या निम्म्याच्या आसपास स्त्रियांचा प्रश्न उतरत नाही. गोळ्या वाटल्या गेल्याचा हिशेब खात्याकडे असतो. गोळी घेतलेल्या बाईला बरे वाटले का, याचा हिशेब कोठेच मागितला जात नाही.

रक्तक्षय हे महत्त्वाचे कारण असले तरी थकवा म्हणजे रक्तक्षय असे समीकरण धरून चालणे ही दुसरी चूक होईल, आणि तिच्याविषयी सर्वांत बोलका पुरावा शेजारच्या गोव्यातून आला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयोगटातील 2,494 स्त्रियांचा अभ्यास करून 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातील 12.1 टक्के स्त्रियांना सहा महिने किंवा अधिक काळ थकवा होता. कमी शिक्षण, गेल्या तीन महिन्यांत उपाशी राहण्याची आलेली वेळ, मानसिक अस्वास्थ्य आणि विशेषतः पतीकडून होणारी लैंगिक हिंसा यांचा या थकव्याशी संबंध आढळला. हिमोग्लोबिनच्या पातळीशी आढळला नाही. या निष्कर्षाने लोहाच्या गोळ्यांची गरज संपत नाही, पण लोहाची गोळी हेच थकव्याचे एकमेव उत्तर मानणारी व्यवस्था किती जणींना चुकीच्या खिडकीवर पाठवत असेल, याची कल्पना येते. नवऱ्याच्या भीतीने रात्री झोप न लागणारी बाई सकाळी दवाखान्यात येऊन ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. ती ‘हातापायांत बळ राहिले नाही’ असे म्हणते, कारण शरीराचे दुखणे सांगायला परवानगी असते आणि संसाराचे नसते. तिला हिमोग्लोबिन ठीक आहे, काही झालेले नाही, असे सांगून परत पाठवले तर तिच्या पुरते दवाखान्याचे दार बंद होते.

असे दार उघडे ठेवता येते, हेही गोव्यानेच दाखवले. तेथील मानस प्रकल्पात नैराश्य आणि चिंताविकार असलेल्या रुग्णांसाठी प्राथमिक स्तरावरील दवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला थोडक्या काळात प्रशिक्षित केलेले, वैद्यकीय पदवी नसलेले स्थानिक समुपदेशक नेमले गेले, आणि 2010 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील रुग्णांमध्ये बरे होण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा लक्षणीय वाढले. महाराष्ट्राकडे आशा सेविकांची फळी आहे आणि उपकेंद्रांत, आताच्या नावाने आयुष्मान आरोग्य मंदिरांत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. माणसांची उणीव सर्वस्वी नाही. या माणसांना थकवा ऐकण्याचे काम कोणी सोपवलेले नाही आणि त्यासाठी मोबदलाही ठरवलेला नाही. आशा सेविकेच्या कामाचा मोबदला ज्या गोष्टी मोजून मिळतो, त्याच गोष्टी तिच्या दिवसात अग्रक्रमाने येणार हे उघड आहे.

थकव्याच्या मुळाशी इतरही बरेच काही असू शकते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, क्षयरोग, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार, आदिवासी पट्ट्यात सिकल सेल. शाकाहारी घरांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, जिच्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने लक्ष वेधले. आणि हिमोग्लोबिन 12 च्या वर असतानाही फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा निर्देशक, खालावल्याने येणारा थकवा. वृद्धांच्या बाबतीत ‘वयच झाले’ आणि पुरुषांच्या बाबतीत ‘गड्याने कसली कुरकुर करायची’ ही वाक्ये ‘बायकांचे असायचेच’ या वाक्याचेच काम करतात, आणि हृदयविकार किंवा क्षय उशिरा लक्षात येण्यामागे ती अनेकदा असतात. ही यादी येथे लांबवण्याचे प्रयोजन नाही. राज्यातील डॉक्टरांना ती ठाऊक आहे. प्रश्न ती वापरायला लागणाऱ्या वेळेचा आणि दुसऱ्या भेटीचा आहे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, महालॅबच्या माध्यमातून रक्ताच्या अनेक तपासण्या आरोग्य केंद्रापर्यंत विनामूल्य आल्या, मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये नवरात्राच्या निमित्ताने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ या अभियानात 18 वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची मोहीम निघाली. हे निर्णय चांगले आहेत आणि त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. तथापि फी आणि भाडे हा खर्चाचा लहान भाग आहे, बुडालेला रोज हा मोठा भाग आहे, आणि त्याला या निर्णयांनी हात लागत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. थकलेली बाई दाखल होत नाही, म्हणून राज्याची सर्वांत मोठी आरोग्य योजना तिला ओळखत नाही. तिचे गर्भाशय काढायची वेळ आली, की मग ती योजनांच्या टप्प्यात येते. अभियानांचे म्हणाल, तर नवरात्रात एकदा तपासणी होऊन पुढे पाठपुरावा झाला नाही, तर त्या बाईच्या हाती एक आकडा येतो आणि थकवा होता तिथेच राहतो.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे पहिली मागणी नोंदीची आहे. प्राथमिक सेवेसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशक्तता आणि थकवा या तक्रारीला स्वतंत्र संकेतांक, ए-04, दिलेला आहे. म्हणजे निदान होण्याआधी रुग्ण जे सांगतो तेही मोजण्याजोगे आहे, हे जगातील प्राथमिक सेवेने केव्हाच मान्य केले आहे. महाराष्ट्रातील ओपीडीच्या नोंदवहीत आणि मासिक अहवालात निदानासोबत रुग्णाची मुख्य तक्रार आणि तिचा कालावधी लिहिण्याचा रकाना असावा. किती लोक थकवा घेऊन आले, किती पुन्हा आले आणि किती आलेच नाहीत, हे कळल्याशिवाय खात्याला आपल्याच सेवेचा वापर का होत नाही हे कळणार नाही. रकाना वाढवल्याने परिचारिकांचे लेखन वाढते, याची जाणीव येथे आहे. म्हणूनच आज भरल्या जाणाऱ्या आणि कोणी न वाचणाऱ्या रकान्यांपैकी काही कमी करण्याचे धैर्यही खात्याने दाखवावे.

दुसरी गोष्ट वेळेची. शहरांत आणि तालुक्यांच्या ठिकाणी सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत संध्याकाळच्या सेवेचे महत्त्व शासनाने स्वतःच मान्य केले आहे. तेच तत्त्व आठवड्यातून निदान दोन दिवस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला लावता येईल, मात्र त्यासाठी कर्मचाऱ्यांची रिक्त पदे भरावी लागतील, आहे त्याच माणसांवर हा भार टाकून चालणार नाही. तेथे थकव्याची तक्रार करणाऱ्या रुग्णाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दहा मिनिटे द्यावीत आणि थकवा किती दिवसांचा आहे, झोप लागते का, पाळीत किती जाते, वजन घटले का, खोकला आहे का, जेवण पुरते का, मन कशात लागते का आणि घरात कोणाची भीती वाटते का, हे विचारावे. शेवटचा प्रश्न आडोशाला, सोबतच्या माणसाला बाहेर थांबवूनच विचारला जावा. रक्ताचा अहवाल घ्यायला रुग्णाला पुन्हा रोज बुडवून यावे लागू नये, तो आशा सेविकेमार्फत घरपोच सांगितला जावा, आणि चार आठवड्यांनी ‘बरे वाटते का’ एवढे विचारण्यासाठी होणाऱ्या गृहभेटीला मोबदल्याच्या यादीत जागा मिळावी.

ऊसतोड कामगारांबाबत मात्र एवढ्याने भागणार नाही. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणून निघण्यापूर्वीची आणि परतल्यावरची तपासणी हवीच; परंतु थकवा वाढतो तो मधल्या काळात, फडात. आपल्या खात्याने सहकार आणि कामगार खात्यांना सोबत घेऊन कारखान्याच्या गाळप हंगामात कोपींच्या वस्तीवर संध्याकाळी येणारे फिरते पथक नेमावे, बीड-जालन्यात उघडलेले आरोग्यपत्रक सांगली-कोल्हापुरात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील कारखान्यांवरही वाचले जाईल अशी सोय करावी, आणि तपासणीसाठी गेलेल्या बाईच्या नावावर त्या दिवसाचा खाडा लागणार नाही, असे कारखान्यांकडून व मुकादमांकडून लेखी घ्यावे. यांतील शेवटची अट मान्य करून घेणे सर्वांत कठीण आहे, पण बाकीच्या सगळ्या सोयी तिच्यावरच टिकून आहेत. येत्या हंगामाच्या टोळ्या निघण्याआधी त्याविषयीचा शासन निर्णय निघावा, ही विनंती.

कळावे.